नताली डू टॉय : एका पायाने पोहलेले दहा किलोमीटर

दिव्यांग खेळाडूंविषयी लिहिताना जिद्दीचे कौतुक भरभरून होते, परंतु त्या जिद्दीला दिशा देणारे तंत्र आणि स्पर्धेची पारख मात्र बहुधा दुर्लक्षितच राहते. दक्षिण आफ्रिकेच्या जलतरणपटू नताली डू टॉय यांची कारकीर्द या दुसऱ्या अंगाने अभ्यासण्यासारखी आहे, कारण शरीराची मर्यादा नेमकी कोठे आड येते आणि कोठे येत नाही, हे ओळखूनच त्यांनी आपली शर्यत निवडली.

केप टाउन येथे १९८४ साली जन्मलेल्या डू टॉय वयाच्या चौदाव्या वर्षी क्वालालंपूरच्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत देशाकडून उतरल्या होत्या, आणि २००० च्या सिडनी ऑलिम्पिकची पात्रता त्यांची थोडक्यात हुकली होती. फेब्रुवारी २००१ मध्ये सकाळचा सराव आटोपून स्कूटरवरून शाळेकडे जात असताना त्यांना मोटारीची धडक बसली आणि डावा पाय गुडघ्यापासून कापावा लागला. तुलनेसाठी पाहायचे तर, १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्णपदक मिळवणारे सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर युद्धात जखमी झाल्यावर उपचाराच्या निमित्ताने पोहण्याकडे वळले होते. डू टॉय यांच्यापुढचा प्रश्न निराळा होता. अंगवळणी पडलेले दोन पायांचे पोहणे मोडून त्यांना ते नव्याने घडवावे लागले, आणि हे काम नवशिक्याच्या शिकण्याहून अवघड मानले पाहिजे. काही महिन्यांतच, नीट चालता येण्यापूर्वी, त्या तलावात परतल्या होत्या.

फ्रीस्टाइलमध्ये गतीचा मोठा भाग हातांकडून मिळतो, तर पाय शरीर आडवे व समतोल ठेवतात. एक हात पाणी मागे ओढत असताना शरीर कुशीवर वळते आणि पायाचा फटका त्या वळण्याला आवर घालतो. एकच पाय असल्यास हा तोल पोट व कमरेच्या स्नायूंना आणि हातांच्या लयीला सांभाळावा लागतो, कारण शर्यतीत कृत्रिम पाय लावून पोहता येत नाही. खरा तोटा होतो तो भिंतीशी. ५० मीटर लांबीच्या तलावात ८०० मीटर पोहताना पंधरा वेळा वळावे लागते, आणि प्रत्येक वळणावर दोन्ही पायांनी भिंतीला रेटा देणारी प्रतिस्पर्धी काही अंतर आयतेच मिळवून जाते. असे असूनही २००२ च्या मँचेस्टर राष्ट्रकुल स्पर्धेत डू टॉय यांनी दिव्यांगांच्या ५० व १०० मीटर शर्यती तर जिंकल्याच, शिवाय दिव्यांग नसलेल्या खेळाडूंच्या ८०० मीटर शर्यतीची अंतिम फेरीही गाठली. त्या स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा सन्मान त्यांना मिळाला.

खुल्या पाण्यातील लांब पल्ल्याच्या शर्यतीत भिंतच नसते, आणि दमसास टिकवण्यासाठी बहुतेक जलतरणपटू पायांचे फटके कमीच मारतात, त्यामुळे तेथे एका पायाची उणीव पुष्कळ अंशी भरून निघते. त्याऐवजी लाटा, गर्दीतील धक्काबुक्की आणि पुढच्याच्या मागोमाग राहून शक्ती वाचवण्याचे कौशल्य यांना महत्त्व येते. दहा किलोमीटरची ही शर्यत २००८ साली बीजिंग येथे ऑलिम्पिकमध्ये प्रथमच खेळवली गेली, आणि त्याआधी मे महिन्यात सेव्हिल येथील जागतिक स्पर्धेत चौथ्या येऊन डू टॉय यांनी तिची पात्रता मिळवली. प्रवेश त्यांनी कोणतीही सवलत न घेता, निव्वळ क्रमांकावर मिळवला होता, ही गोष्ट ठळकपणे नोंदवायला हवी. २० ऑगस्ट रोजी झालेल्या शर्यतीत त्या सोळाव्या आल्या. सुमारे दोन तासांच्या त्या पोहण्यात सुवर्णविजेत्या रशियाच्या लारिसा इल्चेन्को यांच्यापेक्षा त्यांना अवघी १ मिनिट २२ सेकंद अधिक लागली.

त्याच वर्षीच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी पाच सुवर्णपदके जिंकली. पॅरालिम्पिकमध्ये समान क्षमतेचे जलतरणपटू एकत्र यावेत म्हणून गट पाडले जातात : १ ते १० शारीरिक दिव्यांगत्वाचे, ११ ते १३ दृष्टिदोषाचे आणि १४ हा बौद्धिक दिव्यांगत्वाचा. पहिल्या दहांत आकडा जितका लहान तितकी मर्यादा अधिक तीव्र असते, आणि गट ठरवताना स्नायूंचे बळ व सांध्यांची हालचाल तपासून खेळाडूचे पाण्यातील पोहणेही पाहिले जाते. फ्रीस्टाइलसाठी डू टॉय नवव्या गटात होत्या.

बीजिंगच्या दोन्ही उद्घाटन सोहळ्यांत दक्षिण आफ्रिकेचा ध्वज त्यांच्याच हाती होता. अथेन्स, बीजिंग आणि लंडन या तीन पॅरालिम्पिकमध्ये मिळून १३ सुवर्ण व २ रौप्य पदके मिळवून २०१२ साली त्या स्पर्धात्मक पोहण्यातून निवृत्त झाल्या. या पदकांची यादी छापताना बीजिंगमधील सोळावा क्रमांक बहुधा वगळला जातो, पण जलतरणपटू म्हणून त्यांची योग्यता जोखायची असेल, तर तो त्या यादीत सर्वांत वर असायला हवा.