ताखी परततो आहे : भाग ७ – गाढवं निघून गेली, घोडे थांबले

एका वाचकाच्या पत्रातला प्रश्न घ्यायला हवा: युरोपातल्या प्राणिसंग्रहालयात वाढलेल्या घोड्यांना गोबीतली उणे चाळीसची थंडी झेपते कशी?

झेपते, आणि चांगली झेपते. पिढ्यान्‌पिढ्या कुंपणात काढूनही ताखीचं, म्हणजे मंगोलियातल्या या रानघोड्याचं, शरीर हिवाळा विसरलेलं नाही. ऑस्ट्रियातल्या संशोधकांनी मोकळ्या कुरणातल्या ताखींच्या हृदयाचे ठोके वर्षभर मोजले. मे महिन्यात वेगाने पडणारे ठोके डिसेंबरपर्यंत बरेच मंदावलेले आढळले. अंगावर दाट केस येतात, ऊर्जेचा खर्च आटतो आणि खुरांनी बर्फ उकरून खालचं वाळलं गवत खात घोडा दिवस काढतो.

घात होतो तो हे गवतच हाती लागेनासं झालं की.

मंगोलियात या आपत्तीला ‘झुद’ म्हणतात. २००९-१० च्या हिवाळ्यात असा झुद आला की देशभरात ऐंशी लाखांहून जास्त गुरं-मेंढ्या दगावल्या. ग्रेट गोबी ‘ब’ अभयारण्यात १९९२ पासून जिवापाड जपून वाढवलेल्या ताखींपैकी सुमारे साठ टक्के त्या एका हिवाळ्यात गेले. उरले जेमतेम पन्नास.

त्याच अभयारण्यातली खुलान, म्हणजे रानगाढवं, मात्र बरीचशी तगली. बर्फ साचू लागताच ती तिथून निघून गेली. ताखी आपल्या ओळखीच्या कुरणांपलीकडे गेलेच नाहीत.

हा फरक आधीच दिसलेला होता. गळ्यात उपग्रह-पट्टे बांधून केलेल्या अभ्यासात ताखीचा वावर दीडशे ते सव्वाआठशे चौरस किलोमीटरमध्ये आढळला, तर खुलानचा साडेचार ते पावणेसात हजारांत! ताखी पाणी आणि हिरवं गवत धरून राहतो; खुलान रखरखीत माळही तुडवत जातो. शिवाय खुलानांची या मुलखातली साखळी कधी तुटली नव्हती. ताखींना मात्र वाट दाखवणारा एकही जुना कळप तिथे उरला नव्हता. रानातला शेवटचा ताखी दिसला होता १९६९ मध्ये.

एकाच खोऱ्यात सगळे घोडे ठेवणं किती धोक्याचं, हे त्या हिवाळ्याने दाखवलं. अभयारण्याच्या पश्चिमेकडे बर्फ कमी होता आणि तिकडे सोडलेले कळप त्यामानाने वाचले. २०११ पासून प्राग प्राणिसंग्रहालय चेक लष्कराच्या विमानांतून नवे घोडे मंगोलियात नेऊ लागलं. जून २०२४ मध्ये प्राग आणि बर्लिनहून सात ताखी कझाकस्तानच्या गवताळ प्रदेशातही उतरले. त्यांना लगेच मोकळं सोडलं नाही. नव्या मुलखातला पहिला हिवाळा त्यांनी कुंपणाच्या आत, माणसांच्या देखरेखीखाली काढावा, अशी योजना होती.