अरुंद नदीकाठची गोदी : मॅनिटोवॉक कंपनीचा मागोवा

उत्तर अमेरिकेतील पाच महासरोवरांच्या काठी विसाव्या शतकाच्या आरंभी ज्या जहाजबांधणी कंपन्या नावारूपाला आल्या, त्यांत विस्कॉन्सिन राज्यातील मॅनिटोवॉक कंपनीचा इतिहास विशेष अभ्यासण्याजोगा आहे. कारण जहाज किती मोठे बांधायचे आणि कोणते बांधायचे, याबाबत तेथे मालकांच्या इच्छेपेक्षा नदीच्या रुंदीचे आणि कालव्यांच्या मापाचेच अधिक चालले. मॅनिटोवॉक हे गाव मिशिगन सरोवराच्या पश्चिम किनाऱ्यावर, त्याच नावाच्या नदीच्या मुखाशी वसले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तेथे लाकडी शिडाची जहाजे बांधली जात असत. परंतु पोलाद आणि वाफ यांचे युग सुरू झाल्यावर सुतारकामावर उभा असलेला तो व्यवसाय मागे पडू लागला. अशा वेळी, १९०२ मध्ये, शिकागोच्या जहाजबांधणी कारखान्यात अनुभव घेतलेले चार्ल्स वेस्ट आणि एलायस गनेल यांनी सहकाऱ्यांसह बर्गर कुटुंबाची गोदी विकत घेतली आणि मॅनिटोवॉक ड्राय डॉक कंपनी स्थापन केली.

कंपनीच्या नावातील ड्राय डॉक, म्हणजे सुकी गोदी, हा शब्द सुरुवातीच्या व्यवसायाचे स्वरूप सांगतो. जहाज आत घेऊन दार बंद करायचे, पाणी उपसून टाकायचे आणि कोरड्या पडलेल्या तळाची दुरुस्ती करायची, अशी ही सोय असते. महासरोवरांत हिवाळ्यात बर्फामुळे वाहतूक जवळजवळ थांबत असल्याने बंदरात अडकून पडलेल्या बोटींच्या दुरुस्तीचे काम गोदीला ठरावीक काळी हमखास मिळत असे. त्यातच थोड्याच वर्षांत बॉयलरचा कारखानाही कंपनीच्या हाती आला, त्यामुळे जहाजाचा सांगाडा आणि त्याची यंत्रे ही दोन्ही कामे एकाच छत्राखाली आली.

पहिल्या महायुद्धात अमेरिकी सरकारने मालवाहू जहाजांची मागणी नोंदवली, तेव्हा कंपनीने तीसहून अधिक जहाजे बांधली. अटलांटिककडे जाणाऱ्या वेलंड कालव्यातील तत्कालीन जलपाश, म्हणजे दोन्ही बाजूंना दारे लावून जहाज वर-खाली करण्याची हौदासारखी योजना, आखूड असल्याने ही जहाजे जेमतेम २६० फुटांची होती. युद्ध संपताच मागणी आटली. तेव्हा कंपनीने १९२५ पासून क्रेन बनवण्यास सुरुवात केली आणि रेल्वे कंपन्यांसाठी रेल्वे-फेऱ्याही बांधल्या. या बोटींच्या डेकवर रूळ टाकलेले असत, मालाने भरलेले डबे थेट आत ढकलले जात आणि शिकागोच्या गजबजलेल्या यार्डांना वळसा घालून ते सरोवरापलीकडे पोहोचत. १९२९ मध्ये वादळात बुडालेल्या मिलवॉकी या फेरीच्या जागी ग्रँड ट्रंक रेल्वेसाठी बांधलेली सिटी ऑफ मिलवॉकी अजूनही मिशिगन राज्यात संग्रहालय म्हणून जपलेली आहे.

दुसऱ्या महायुद्धाचे पर्व मात्र कंपनीच्या इतिहासातील सर्वांत विलक्षण म्हणावे लागेल. विनाशिका बांधण्याची तयारी दाखवलेल्या वेस्ट यांच्यापुढे नौदलाने पाणबुड्यांचा प्रस्ताव ठेवला आणि सप्टेंबर १९४० मध्ये, एकही पाणबुडी न बांधलेल्या या गोदीला दहा पाणबुड्यांचे कंत्राट मिळाले. आराखडे आणि तांत्रिक साहाय्य कनेटिकटमधील इलेक्ट्रिक बोट कंपनीकडून आले. खरी अडचण पुढेच होती. सुमारे ३१२ फूट लांबीची पाणबुडी अरुंद नदीत नेहमीप्रमाणे पाठीमागून सोडली, तर ती समोरच्या काठावर आदळणार, म्हणून ती आडवी, कुशीवरून पाण्यात लोटली जाई. पेटो ही पहिली पाणबुडी ३० एप्रिल १९४२ रोजी अशीच पाण्यात उतरली. चाचणीची बुडी मिशिगन सरोवरात होई, पण गोड्या पाण्याची घनता समुद्राच्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के कमी असल्यामुळे, बुडण्यासाठी टाक्यांत किती भार घ्यायचा, हे गणित समुद्रावर गेल्यावर पुन्हा मांडावे लागे.

समुद्र गाठणे हेही मोठेच दिव्य होते. वेस्ट यांची योजना अशी, की पाणबुडी शिकागोच्या कालव्यातून लॉकपोर्टपर्यंत न्यायची, तेथे तरत्या सुक्या गोदीत चढवायची आणि टोबोटीने ती इलिनॉय व मिसिसिपी नद्यांतून न्यू ऑर्लिन्सपर्यंत ढकलत न्यायची. कारण सुमारे १५ फूट खोल बुडणारी पाणबुडी नऊ फूट खोलीच्या जलमार्गातून स्वबळावर जाऊच शकत नव्हती. वाटेतील पूल आड येऊ नयेत म्हणून पेरिस्कोप आणि त्यांचे आधारस्तंभ आधी उतरवून ठेवत आणि प्रवास संपल्यावर पुन्हा बसवत. युद्धाच्या अखेरीपर्यंत या मार्गाने २८ पाणबुड्या बांधून पाठवल्या गेल्या, त्याही मुदतीआधी आणि कंत्राटाच्या रकमेपेक्षा ५० लाख डॉलरहून अधिक बचत करून. रोबॅलो, गोलेट, कीट आणि लगार्टो या चार पाणबुड्या परतल्या नाहीत; लगार्टोचे अवशेष २००५ मध्ये थायलंडच्या आखातात सापडले. गमतीचा भाग असा, की मॅनिटोवॉकच्या संग्रहालयापाशी आज उभी असलेली कोबिया ही पाणबुडी कनेटिकटमध्ये बांधलेली आहे.

युद्धोत्तर काळात कंपनीने शीतपेट्यांसारखी नागरी उत्पादने हाती घेतली, तरी जहाजबांधणी काही काळ टिकून राहिली. जानेवारी १९६० मध्ये जलावतरण झालेले ७३० फुटांचे एडवर्ड एल. रायर्सन हे धातुकवाहू जहाज म्हणजे त्या नदीत मावू शकणाऱ्या आकाराची जवळजवळ परिसीमाच होती. १९६० च्या दशकाच्या अखेरीस सू सेंट मेरी येथे मोठा पो जलपाश खुला झाला आणि हजार फुटी जहाजांचा मार्ग मोकळा झाला. तसे जहाज मॅनिटोवॉकच्या वळणावळणाच्या नदीत बांधणे अशक्य होते. १९६८ मध्ये कंपनीने उत्तरेकडील स्टर्जन बे येथील गोदी विकत घेऊन जहाजबांधणी तिकडे हलवली आणि पुढील दशकात तेथून हजार फुटांची जहाजे बाहेरही पडली. हे स्थलांतर गावाच्या दृष्टीने क्लेशदायक असले, तरी व्यवसायाच्या दृष्टीने ते उशिराच झाले, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

गोदीच्या जोडधंद्यासारखा सुरू झालेला क्रेनचा व्यवसाय मात्र वाढतच गेला. २००१ मध्ये कंपनीने फ्रान्समधील पोटेन ही टॉवर क्रेन बनवणारी कंपनी घेतली आणि पुढे पोटेनच्या क्रेन पुण्यातील कारखान्यातही तयार होऊ लागल्या. जहाजबांधणीचा विभाग २००९ च्या प्रारंभी फिंकान्तिएरी या इटालियन कंपनीकडे गेला आणि २०१६ मध्ये क्रेनचे उत्पादनही मॅनिटोवॉकमधून पेन्सिल्व्हेनिया राज्यात हलवण्याचा निर्णय जाहीर झाला.