खुबा बदलला, पण जखम ओली राहिली तर?

गेल्या वर्षीच्या श्रावणातली गोष्ट. भर पावसात दवाखान्याच्या दाराशी रिक्षा थांबली आणि वॉकरच्या आधाराने गुरुजी उतरले. मला चौथीत शिकवलेले हे गुरुजी. वय ७१, मधुमेह जुना. अंगणातल्या शेवाळावरून पाय घसरला, मांडीच्या हाडाची मान मोडली आणि शहरातल्या रुग्णालयात खुब्याचा संपूर्ण सांधा बदलावा लागला. त्या दिवशी शस्त्रक्रियेला बारा दिवस झाले होते.

तपासणीच्या टेबलावर आडवे केले तर पट्टी ओली. जखमेच्या खालच्या टोकातून पिवळसर पाणी झिरपत होते, कडा लालसर होत्या. ताप नव्हता. "किती दिवसांपासून?" मी विचारले. "चार दिवस झाले," उत्तर बाईंनी दिले. गुरुजी छताकडे बघत होते. थोड्या वेळाने म्हणाले, "शहरात फोनबिन करू नकोस. चांगल्या जोरदार गोळ्या लिहून दे. पाच दिवसांत सुकेल."

मी गोळ्या लिहून दिल्या नाहीत. "दोन गोळ्या लिहायला तुझं काय जातं रे?" असे म्हणून ते रागावलेही. त्या गोळ्या मी का दिल्या नाहीत, हे सांगण्यासाठीच आजचा लेख आहे.

माझी जुनी चूक

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी अशाच एक बाई माझ्याकडे आल्या होत्या. संधिवाताने झिजलेला खुबा बदललेला, जखम किंचित ओली. मी प्रतिजैविकाच्या गोळ्या दिल्या. जखम सुकली, बाई खूश, मीही खूश. गोळ्या संपल्यावर दहा दिवसांनी पुन्हा पाणी आले. मी दुसऱ्या गोळ्या दिल्या. असे दोन महिने गेले. शेवटी त्या शल्यचिकित्सकाकडे पोहोचल्या, तेव्हा सांध्यातल्या पाण्याच्या तपासणीत जंतूच वाढले नाहीत, कारण माझ्या गोळ्यांनी ते अर्धवट दबले होते. शत्रू कोण ते कळेना आणि तो गेलेलाही नव्हता. बसवलेला सांधा काढावा लागला आणि नंतर पुन्हा नवा बसवावा लागला. त्यात जवळजवळ वर्ष गेले. त्या बाईंनी मला कधी बोल लावला नाही, पण चूक माझी होती. ती पुन्हा करायची नाही, एवढे मी त्या दिवशी ठरवले.

धातूवरचे शेवाळ

कृत्रिम खुब्यात मांडीच्या हाडात बसवलेला धातूचा दांडा, त्यावर धातूचा किंवा सिरॅमिकचा गोळा आणि कमरेच्या हाडात बसवलेली वाटी असे भाग असतात. या शस्त्रक्रियेला आजचे रूप दिले ते इंग्लंडमधील सर जॉन चार्नली यांनी, १९६२ च्या सुमारास. जंतुसंसर्गाची डोकेदुखी त्यांनाही चुकली नव्हती. सुरुवातीच्या काळात त्यांच्या शंभरातल्या सात-आठ रुग्णांना तो होत असे. म्हणून त्यांनी शस्त्रक्रियागृहातली हवा गाळून घेण्याची व्यवस्था केली, अंगभर झाकणारे पोशाख वापरले आणि हे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास, पुढे त्याहूनही खाली आणले. आजही पहिल्यांदा बदललेल्या खुब्यांमध्ये शंभरात साधारण एक-दोघांनाच हा त्रास होतो. मधुमेह ताब्यात नसणे, धूम्रपान, अतिस्थूलपणा, संधिवातासाठी घेतलेली स्टिरॉइड औषधे यांमुळे धोका वाढतो.

एरवी हाताला जखम झाली, पू झाला तर पाच दिवसांच्या गोळ्यांनी भागते. मग खुब्याला का भागत नाही? कारण धातूला रक्तपुरवठा नसतो. जंतू एकदा धातूला चिकटले की स्वतःभोवती बुळबुळीत थर तयार करतात. त्या थराखाली रक्तातल्या पांढऱ्या पेशी नीट पोहोचत नाहीत आणि औषधही पुरेसे काम करत नाही. विहिरीच्या पायरीवर शेवाळ धरले तर वरून चार बादल्या पाणी ओतून ते जाते का? घासावे लागते. शेवाळ कोवळे असेल तर घासून निघते. जुने, घट्ट झालेले असेल तर दगडच काढून नवा बसवावा लागतो. गुरुजींना मी हेच सांगितले. शेवाळावरूनच पडलेले असल्यामुळे त्यांना ते लगेच पटले!

म्हणजे दोन गोष्टी महत्त्वाच्या. पहिली, वेळ. पहिल्या काही आठवड्यांतच संसर्ग ओळखला, तर सांधा वाचवता येण्याची शक्यता बरीच असते. दुसरी, जंतूची ओळख. रुग्णाची प्रकृती गंभीर नसेल, तर नमुना घेण्याआधी प्रतिजैविक सुरू करू नये. नुसत्या जखमेवरचा पू कापसाने टिपून तपासणेही पुरेसे नसते, कारण त्वचेवरचे भलतेच जंतू त्यात सापडतात. नमुना आत खोलवरून घ्यावा लागतो.

घाबरण्यासारखे काय, नसण्यासारखे काय?

शस्त्रक्रियेनंतर पायाला सूज राहणे, जखमेच्या आसपास थोडी ऊब लागणे, मांडीवर काळे-निळे डाग पडून ते गुडघ्यापर्यंत उतरणे, चालल्यावर दुखणे हे नेहमीचे आहे. सूज तर दोन-तीन महिनेही रेंगाळते. मात्र पुढील लक्षणे दिसली तर त्याच दिवशी शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांना कळवावे :

• आठवडा उलटल्यावरही जखमेतून पाणी येणे, किंवा सुकलेली जखम पुन्हा ओली होणे.
• जखमेभोवतीची लाली पसरत जाणे, पू किंवा दुर्गंधी येणे.
• थंडी वाजून ताप येणे.
• कमी होत आलेले दुखणे पुन्हा वाढणे, विशेषतः पडून असतानाही ठणकणे.
• शस्त्रक्रियेला काही वर्षे होऊन गेल्यावर अंगात ताप आणि खुब्यात एकाएकी दुखणे. दात, लघवी, पायाची जखम अशा ठिकाणचे जंतू रक्तातून सांध्यापर्यंत जाऊ शकतात.

पोटरी एकदम सुजली, ठणकू लागली तर रक्ताची गुठळी असू शकते. एकदम धाप लागली, छातीत दुखले, तर उद्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

रक्ताच्या तपासण्यांबद्दलही एक सांगतो. 'सीआरपी' नावाची तपासणी शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी प्रत्येकाचीच वाढलेली असते आणि साधारण तीन आठवड्यांत उतरते. 'ईएसआर' उतरायला तर काही महिने लागतात. म्हणून एकच आकडा पाहून घाबरू नये. आकडा उतरतो आहे की पुन्हा चढतो आहे, हे डॉक्टर पाहतात.

गुरुजींचे पुढे काय झाले?

त्यांच्या समोरच मी त्यांच्या शल्यचिकित्सकांना फोन केला. चौदाव्या दिवशी पुन्हा शस्त्रक्रिया झाली. सांधा उघडून आतला खराब भाग काढला, भरपूर द्रावणाने धुतले, गोळा आणि वाटीतले अस्तर हे सुटे होणारे भाग बदलले. हाडात पक्का बसलेला दांडा आणि वाटी तशीच ठेवली. वेगवेगळ्या ठिकाणचे पाच नमुने तपासणीला गेले आणि जंतू नेमका कळला. अशा सांध्यांत वारंवार आढळणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जातीचाच तो होता.

पुढे बारा आठवडे औषधे. आधी शिरेतून, नंतर गोळ्या. पूर्वी सहा-सहा आठवडे सलाईनच हवे असे मानत. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील मोठ्या अभ्यासात, योग्य गोळ्या निवडल्या तर हाडा-सांध्याच्या संसर्गात त्या शिरेतल्या औषधाइतक्याच उपयोगी पडतात असे दिसले. मुदतीबाबत मात्र घाई नको. कृत्रिम सांध्याच्या संसर्गात सहा आठवड्यांचा उपचार बारा आठवड्यांच्या तोडीचा ठरला नाही, हे २०२१ मधल्या फ्रान्समधील अभ्यासाने दाखवले. "आता बरे वाटते" म्हणून मध्येच गोळ्या सोडू नयेत, ते यासाठीच.

गोळ्यांमध्ये रिफाम्पिसिन होते. औषधाच्या दुकानात कोणीतरी बाईंना म्हणाले, "ही तर टीबीची गोळी!" झाले. घरात रडारड. त्यात लघवी नारिंगी झाली. मी दोघांना बसवून सांगितले : गोळी क्षयाची म्हणून ओळखली जाते हे खरे, पण धातूवरच्या त्या थरात शिरून जंतू मारण्याचा तिचा गुण असल्यामुळे ती इथे देतात. नारिंगी रंग हा त्या गोळीचाच. मात्र ती एकटी कधीही घ्यायची नसते, सोबत दुसरे औषध हवेच. नाहीतर जंतू तिला लवकर निर्ढावतात. शिवाय रक्त पातळ करणाऱ्या आणि मधुमेहाच्या काही गोळ्यांचा परिणाम तिच्यामुळे कमी होतो. म्हणून चालू असलेली सगळी औषधे डॉक्टरांना दाखवावीत.

मनाचे दुखणे

जखम सुकली. पण एके दिवशी बाई एकट्याच आल्या. म्हणाल्या, "हे दिवसातून नऊ वेळा ताप बघतात. रात्री उठून बॅटरीच्या उजेडात पट्टी चाचपतात. जेवणावरून मन उडालंय."

मी संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्यावर गुरुजींनी मनातले सांगितले. शेजारच्या गल्लीतल्या एका मधुमेही गृहस्थांचा पाय जखम चिघळून कापावा लागला होता. ओली पट्टी पाहिल्यापासून गुरुजींच्या डोळ्यांपुढे तेच चित्र होते. म्हणूनच ते चार दिवस गप्प बसले होते. पाय जाण्याच्या भीतीने त्यांनी पाय वाचवणारे चार दिवस घालवले होते. खुब्याच्या संसर्गात पाय कापण्याची वेळ फार क्वचित येते, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. आणि त्यांनीही कोणाला विचारले नव्हते.

वाचकहो, या आजारात काळजी वाटणे हा भित्रेपणा नव्हे. दोन-दोन शस्त्रक्रिया, परावलंबीपण, खर्च आणि "पुन्हा झाले तर?" हा प्रश्न, धडधाकट माणूसही यात खचेल. मी गुरुजींना जे सुचवले ते असे :

१. ताप सकाळ-संध्याकाळ दोनदाच पाहायचा. जखम दिवसातून एकदा, उजेडात, बाईंनी पाहायची आणि मोबाईलवर फोटो काढून ठेवायचा. कालच्या फोटोशी तुलना केली की मनाचे खेळ थांबतात.

२. एक वही घालायची. ताप, पट्टी कोरडी की ओली, दुखणे दहापैकी किती, आणि आज किती चाललो. डॉक्टरांना विचारायचे प्रश्नही त्यातच लिहायचे.

३. फिजिओथेरपिस्टने सांगितलेले चालणे सोडायचे नाही. चालल्याने सांधा बिघडेल या भीतीने अंथरूण धरणारा माणूस शरीराने आणि मनाने दोन्हीकडून खचतो. सखल आसन, मांडी घालणे, उकिडवे बसणे मात्र डॉक्टर परवानगी देईपर्यंत टाळायचे, कमोडच वापरायचा.

४. झोपेसाठी कोणाच्या सांगण्यावरून गोळी घ्यायची नाही. रात्री तोल जाऊन पडलात तर सांधा निखळण्याची भीती.

५. झोप, भूक, उमेद उडून दोन आठवडे झाले तर ते लपवायचे नाही. मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्यात कमीपणा नाही. 'टेलिमानस' या सरकारी सेवेच्या १४४१६ क्रमांकावर विनामूल्य बोलता येते.

घरच्यांसाठीही दोन शब्द. "आंबट खाल्लं म्हणून पू झाला" असे म्हणून रुग्णाला दोष देऊ नका. दही, लिंबू, भात, वांगे यांनी जखमेत पू होत नाही. उलट पथ्याच्या नावाखाली उपाशी ठेवलेल्या माणसाची जखम भरायला वेळ लागतो. डाळ, उसळ, दूध, अंडी, चालत असेल तर मासे-मटण द्या. मधुमेह असल्यास साखर ताब्यात ठेवा. जखमेवर हळद, राख, तंबाखू, पाल्याचा रस काहीही लावू नका.

दिवाळी झाल्यावर गुरुजींच्या गोळ्या संपल्या. ज्या गोळ्यांना ते कंटाळले होते त्या थांबल्या, त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. "आता राखण कोणाची?" असे म्हणाले. हेही पुष्कळांना होते. राखण तपासणीची, असे मी सांगितले. ठरलेल्या तारखांना सीआरपी आणि शल्यचिकित्सकांची भेट त्यांनी अजून एकदाही चुकवलेली नाही. पहिली एक-दोन वर्षे डोळ्यात तेल घालून राहावेच लागते. आजवर सांधा ठीक आहे.

परवा वही दाखवायला आले. ताप पाहण्याच्या नोंदी आता आठवड्यातून एकच. वहीत चिकटवलेल्या माझ्या जुन्या चिठ्ठीतली ऱ्हस्व-दीर्घाची चूक मात्र त्यांनी लाल शाईने दुरुस्त केली होती. ती पाहिली आणि गुरुजी सावरले, याची मला खात्री पटली.

तुमच्या घरी कोणाचा खुबा बदलला असेल आणि आठवडा उलटूनही पट्टी ओली दिसत असेल, तर औषधाच्या दुकानात जाऊ नका, माझ्यासारख्या गावातल्या डॉक्टरकडे गोळ्यांचा हट्टही धरू नका. त्याच दिवशी आपल्या शल्यचिकित्सकांना फोन लावा.