बोलीचा आग्रह आणि बोलीची लाज

मज्झिमनिकायातील अरणविभंग सुत्तात तथागतांनी एका साध्या भांड्याचे उदाहरण घेतले आहे. भांडे एकच, परंतु कोण्या जनपदात त्यास 'पाति' म्हणतात, कोठे 'पत्त', कोठे 'सराव', तर कोठे 'पोण'. आपल्या प्रांतीचा शब्द तेवढा खरा व इतरांचे खोटे, असा हट्ट कलहास कारण होतो, असा तेथील अभिप्राय आहे. रूढ शब्दव्यवहार उगाच ओलांडू नये, हेही त्याच ठिकाणी सांगितले आहे. ते सहसा विसरले जाते.

हे सुत्त बोदवडला बसून वाचावे. भुसावळहून मलकापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील हे गाव खानदेशाच्या पूर्व टोकास आहे. धुळ्याकडची अहिराणी येथे निराळी वाटते. या पट्ट्यात लेवा, तावडी बोली चालते. तीत 'डोळा'चा 'डोया' व 'काळा'चा 'काया' होतो. शेजारच्या वऱ्हाडीतही तेच. जिल्ह्याची हद्द बोलीस ठाऊक नसते.

प्रांतापेक्षा सामाजिक स्थितीचा ठसा अधिक खोल असतो. वयोवृद्ध महारासही गावाने एकेरीत हाक मारावी आणि त्याने 'जोहार मायबाप' म्हणून वाकावे, ही जुनी रीत. व्याकरणदृष्ट्या तीत काहीच अशुद्ध नव्हते! 'जय भीम'ने ती मोडली. आणि १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर वंदना, त्रिशरण, उपासक हे शब्द घराघरांत आले.

चुल्लवग्गातील प्रसंग या संदर्भात पाहावा. नाना कुळांतील व जातींतील भिक्खू आपापल्या बोलीने बुद्धवचन बिघडवितात, अशी तक्रार ब्राह्मणकुलोत्पन्न दोन भिक्खूंनी केली व ते छंदस् भाषेत बसविण्याची अनुज्ञा मागितली. भगवंतांनी ती नाकारून 'सकाय निरुत्ति'ने शिकण्यास संमती दिली. आचार्य बुद्धघोषांनी याचा अर्थ मागधी असा केला. 'ज्याची त्याची बोली' हा अर्थ आम्हांस तक्रारीच्या स्वरूपाशी अधिक जुळणारा वाटतो.

पाली शिकविताना 'वेळुवन'मधील 'ळ' मुलाकडून अवश्य घोटून घ्यावा. मात्र घरी 'डोया' म्हणणाऱ्या आपल्या मायची त्याला लाज वाटेल, असे हसू नये. याच जिल्ह्यातील आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी १९५२ मध्ये ग्रंथरूपाने आली. त्यांतील 'वढाय' हा शब्द म्हणजे प्रमाण भाषेतील 'ओढाळ'. आज तो महाराष्ट्रभर पाठ आहे आणि म्हणताना कोणी दुरुस्त करीत नाही.