बुरशी दिसते, पण असते का?
१९६४ साली इंग्लंडमधील प्लिमथचे डॉ. रॉबर्ट स्वीट यांनी आठ महिलांमधला एक आजार नोंदवला : ताप, त्वचेवर लाल दुखरे उंचवटे आणि आत न्यूट्रोफिल पेशींची गर्दी, पण जंतूंचा पत्ता नाही. या ‘स्वीट सिंड्रोम’च्या एका दुर्मीळ प्रकारात सूक्ष्मदर्शकाखाली निळसर गोल ठिपक्यांभोवती पारदर्शक कडे दिसते. कवचधारी क्रिप्टोकॉकस बुरशीही अशीच दिसते, त्यामुळे जाणती नजरही चकते. प्रत्यक्षात ते ठिपके म्हणजे शरीराच्याच मोडकळीला आलेल्या पेशी असतात. म्हणूनच नेहमीच्या रंगातल्या काचपट्टीवर निदान उरकू नये. बुरशीची भित्तिका काळी करणारा चांदीचा स्टेन इथे कोरा राहतो आणि न्यूट्रोफिलच्या कुळातील पेशी ओळखणारी मायलोपेरॉक्सिडेज चाचणी पॉझिटिव्ह येते. प्रश्न नुसत्या नावाचा नाही. स्वीटमध्ये स्टिरॉइडने झपाट्याने उतार पडतो. खरी बुरशी असेल, तर तेच औषध आगीत तेल ओतते.

स्टेन कोरा म्हणजे बुरशी नाहीच का? आक्षेप रास्त आहे. बायॉप्सीच्या इवल्या तुकड्यातून जंतू निसटू शकतो. त्यामुळे कल्चर आणि रक्तातील क्रिप्टोकॉकस अँटिजेनची तपासणी जोडीला हवीच, विशेषतः रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णात, कारण त्याला दोन्ही आजारांचा धोका असतो.