मे महिन्यात अजिंठा? एकटीच?

'एकटीच जातीस? अन् आता तिथं हाय काय बघाया?' कुंभार पिंपळगावात मामाने बाइकची किल्ली दिली ती तोंड वाकडं करूनच. उसाचे पट्टे मागे टाकत जालना, भोकरदन, सिल्लोड करून उत्तरेला पोचले, तर डोंगर पार भाजलेले. सातकुंड कोरडा, सागाला पान नाही.

पण बॉस, फोटोसाठी हाच सीझन! पावसाळ्यात हिरवाई सगळं झाकून टाकते. मेमध्ये बेसाल्टचे एकावर एक रचलेले थर उघडे पडतात आणि वाघूरचं ते घोड्याच्या नालेसारखं वळणही. सकाळी साडेसहाला व्ह्यू पॉइंटवर फक्त मी आणि वानरं. नऊला सावल्या मेल्या, कॅमेरा बॅगेत.

इथेच रॉबर्ट गिल १८४४ पासून वर्षानुवर्षं लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करत होता. नंतर त्याने कॅमेराही हाती घेतला. १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि त्यातल्या बहुतेक नकला जळाल्या. फोटो मात्र उरले. हे आठवलं आणि रात्री लॉजवर आधी बॅकअप घेतला, मग जेवले.

जाणार असाल तर सोमवार टाळा, लेणी बंद असतात. आत फ्लॅश चालत नाही. पाणी भरपूर घ्या आणि पेट्रोल सिल्लोडलाच भरा.