स्वल्पखर्चांत बोटीच्या धक्क्याकडे
क्रूझ म्हणून ज्या सहलीच्या मोठ्या बोटी निघतात, त्या मुंबईस बॅलार्ड पिअरच्या धक्क्यावरून सुटतात. विमानतळापासून तेथवरचें मोटारीचें भाडें ऐकून पुष्कळ मंडळी दचकतात. आणि तें भरूनहि रस्त्यांतील खोळंबा टळत नाहीं. बोटीचा दरवाजा तर सुटण्याच्या वेळेआधींच बंद होतो. ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत धांवूं लागली आहे. विमानतळाच्या दुसऱ्या टर्मिनलानजीक तींत बसावें व छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसला उतरावें. पुण्याहून दख्खनच्या राणीनें येणारांसहि हेंच ठिकाण. पुढें धक्का मैल-सव्वा मैल; तेवढ्यापुरती मीटरची टॅक्सी करावी. बरोबर वृद्ध माणसें व ट्रंका असतां तेंहि अंतर पायीं तोडण्याची काटकसर आम्हांस मुळींच पसंत नाहीं.